अकोल्याहून श्री. पुंडलिक तायडे

दिवाळी उरकली आणि थंडीनं जरा अंग धरलं की आमच्या अमरावतीच्या रस्त्यांवरून कापूस वाहायला लागतो. आता बैलगाड्या नाहीत, टेम्पो आणि ट्रॅक्टर असतात, पण कापूस पूर्वीसारखाच सांडत जातो. बाभळीच्या काट्यांना अडकतो, विजेच्या तारांवर बसतो, आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात येऊन पडतो, आणि सून तो झाडताना रोज वैतागते. मी खुर्ची टाकून बघत बसते. कापूस बघून कुणाला भाव आठवतो, कुणाला पोरीचं लग्न. मला रेडिओ आठवतो. साठ वर्षं होऊन गेली असतील, पण या दिवसांत तो दाणेदार, गोड आवाज कानात येतोच, आणि आला की मी आजही मनातल्या मनात विचारते, हे खरं कशावरून?

हा माझा जुना रोग आहे. लहानपणी माय मला पोलीस पाटील म्हणायची. बाजारातून भाजी आली की मी पिशवी उलटी करून खालचा थर आधी बघायची. पाहुणा म्हणाला, "आत्ताच जेवून आलो," की माझी नजर त्याच्या हातांकडं, बोटं ओली आहेत की कोरडी. परवा नातवानं मोबाइलवर एक गाणं लावलं आणि म्हणाला, "आजी, कोट्यवधी लोकांनी ऐकलंय हे." मी म्हटलं, "मोजले कोणी?" तो हसत सुटला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते. हा प्रश्न मी एकदा गाडीभाडं खर्चून अकोल्याला विचारून आले आहे.

तेव्हा आम्ही वलगावला राहायचो. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. बाबा सरकारी सडकेच्या गँगवर होते. मी फायनल पास होऊन गावच्याच शाळेत मास्तरीण लागले होते. आणि माझी मोठी बहीण, सुभद्राअक्का, माहेरी राहून लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची. माहेरी, कारण तिचा नवरा सात वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता.

पुंडलिकभाऊजींचा गळा चांगला होता. हंगामाला अकोल्याच्या जिनात, कापसाची सरकी काढतात तिथं, हमाली करायचे आणि उरलेलं वर्ष जलशात गायचे. गावोगाव फिरायचे, दहा-पंधरा माणसं घरी घेऊन यायचे, अक्का त्यांना भाकरी थापून घालायची. एका उन्हाळ्यात जलसा खानदेशाकडं गेला. बाकीचे परत आले, हे आले नाहीत. कुणी म्हणालं सुरतेच्या गिरणीत लागले, कुणी म्हणालं तापानं गेले. सात वर्षांत एक चिठ्ठी नाही. मग समाजातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की सात वर्षं झाली, आता पोरीला मोकळी समजायची. तिवश्याचं एक स्थळ आलं. श्यामराव वानखडे, तहसिलीत चपराशी, बायको वारलेली, दोन लहान मुली. पौर्णिमेला साधी वंदना घेऊन लग्न लावायचं, असं ठरलं. बाबा कितीतरी दिवसांनी रात्री नीट जेवले. आपल्यामागं या पोरीचं काय, हा एकच घोर त्यांना होता.

आणि त्याच आठवड्यात रेडिओ आडवा आला.

वलगावच्या स्टँडवर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी, भट्टी आणि भट्टीच्या वर फळीवर ठेवलेला बॅटरीचा रेडिओ. रेडिओवर कापडाचं झाकण होतं, त्याला झालर होती. आमच्या वस्तीतल्या माणसाला आतल्या बाकड्यावर बसायला चोरी होती. कपबशी बाहेर वेगळी टांगलेली असायची. ज्याची त्यानं घ्यायची, प्यायची, विसळून ठेवायची. पण आवाजाला कुठलं आत-बाहेर. हॉटेलवाला तो मोठा करून ठेवायचा, गिऱ्हाईक जमावं म्हणून, आणि तो आवाज सडक ओलांडून आमच्या अंगणापर्यंत यायचा. सकाळी वेचणीच्या बाया कमरेला कापूस भरायच्या ओट्या बांधून रानाकडं निघायच्या तीच वेळ फर्माइशीची. बाया त्या वळणावर हटकून रेंगाळायच्या. मुकादम खेकसला की पुढं सरकायच्या, पण पाय मागंच.

आपल्या सरकारी रेडिओनं मधली काही वर्षं सिनेमाच्या गाण्यांना दार लावून घेतलं होतं. त्यामुळं सगळी दुनिया समुद्रापलीकडच्या बेटावरचं एक स्टेशन लावायची. खरखर भारी, वारा फिरला की आवाज पळायचा. पण लोक कान देऊन ऐकायचे आणि ऐकलेलं सगळं खरं मानायचे. मी हॉटेलासमोरून शाळेत जाताना रोज नवल करायची. शेजाऱ्यानं सांगितलेलं ज्यांना पटत नाही, सरकारी दवंडीवर जे विश्वास ठेवत नाहीत, ते या कधी न पाहिलेल्या माणसावर एवढे कसे भाळले? मी त्यावर पुष्कळ डोकं चालवलं. माझा अंदाज असा की सुरुवात घड्याळापासून झाली. निवेदक वेळ सांगायचा, हॉटेलवाला आपलं घड्याळ त्यावर लावायचा, आणि त्या घड्याळावर अमरावतीची मोटर बरोबर यायची. वेळ खरी निघाली म्हटल्यावर पुढचं मागचं सगळंच खरं. पोटदुखीची गोळी खरी, केसांचं तेल खरं, आणि हे गाणं सगळ्या देशाला वेड लावून राहिलंय, हेही खरं.

दुसरी गोष्ट जास्त पोचलेली होती. हे गाणं मला आवडतं म्हणून लावतो, असं तो निवेदक कधीही म्हणायचा नाही. तो म्हणायचा, तुम्ही मागितलं म्हणून लावतो. आणि मग मागणाऱ्यांची नावं वाचायचा, गावासकट. बऱ्हाणपूर, गोंदिया, अकोला, बार्शीटाकळी. बार्शीटाकळीचं नाव त्या गोड आवाजात ऐकलं की आमच्या भागातल्या माणसाची छाती दोन बोटं वर यायची. जो आपल्या गावाचं नाव घेतो तो आपला, आणि आपला माणूस आपल्याला कशाला फसवेल? शिवाय प्रत्येक नावाच्या आधी तो "श्री" लावायचा. हमाल असो, कारकून असो, श्री. हे "श्री" मी फार दिवस लक्षात ठेवलं आहे, कारण पुढं त्यानंच घोटाळा केला.

बाजारातही तेच चाललं होतं. आमच्या आठवडी बाजारात एक म्हातारा गाण्यांच्या चोपड्या विकायचा. पूर्वी त्याच्या गोणपाटावर जलशाची गाणी असायची, दळणाच्या ओव्या असायच्या, जयंतीला म्हणायची कवनं असायची. दोनेक वर्षांत ते सगळं मागं गेलं आणि पुढं फक्त रेडिओवर लागलेल्या गाण्यांची पुस्तकं आली, वर नटीचा ठसा. मी विचारलं तर म्हणाला, "मास्तरीणबाई, लोकं नाव सांगून मांगतात. परवा रेडिओवर आलं थे द्या, म्हणतात. मी काय करू?" बँडवाले तेच शिकले. अमरावतीचा लाउडस्पीकरवाला लग्नाला यायचा तेव्हा वधूच्या बापाला यादी विचारायचा आणि बाप छातीठोकपणे रेडिओचीच यादी सांगायचा. जलशात गाणारे आमचे लोक मांडवाच्या कडेला पानतंबाखू खात बसलेले मी पाहिलेत. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. गा, असंही कुणी म्हणत नव्हतं.

तर त्या सकाळी. मी शाळेला निघाले होते, अक्का बायांच्या घोळक्यात होती. निवेदकानं एका गाण्याची ओळख करून दिली, कुठल्यातरी सिनेमातलं, तू परत ये म्हणणारं. त्या वर्षी निम्मी गाणी तसलीच होती. मग नावं सुरू झाली. अकोला से श्री अमके, श्री तमके. आणि मध्येच, स्वच्छ, एकेक अक्षर तोडून, श्री पुंडलिक तायडे.

बाया थांबल्या. हॉटेलातली माणसंही थांबली, कारण पुंडलिक गाणारा म्हणून सगळ्या गावाला ठाऊक. हॉटेलवाला भट्टीसमोरून उठून सडकेवर आला. ज्या माणसानं त्या हॉटेलात कधी आत पाय टाकला नाही, त्याचं नाव आतल्या रेडिओनं आदरानं घेतलं होतं. आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं तिथंच डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "श्री म्हणे वं. आपल्या पुंडलिकले श्री म्हणे." अक्कानं ओटीची गाठ घट्ट केली आणि रानाकडं चालू लागली.

संध्याकाळपर्यंत अख्खं वलगाव शहाणं झालं होतं. पुंडलिक जिवंत आहे. अकोल्याला आहे. बायकोची आठवण काढतो, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून गाण्यातून सांगतो. म्हातारी माणसं ओट्यावर जमली आणि म्हणाली, नवऱ्याची खबर लागली, आता दुसरं लगन लावता येत नाही. दीक्षा घेतल्यावर आपण नवीन माणसं झालो, आपल्यात असलं वाकडं काम व्हायला नको. अक्कानं एवढंच म्हटलं, "त्यायचं नाव आलं. मी कशी लगन करू?" आणि चुलीकडं वळली. बाबा भिंतीला टेकून बसले ते उठेनात.

मी म्हटलं, "बाबा, रेडिओनं सांगितलं म्हणून खरं का?"

"अवं, नाव घेतलं ना त्यानं. गाव सांगतलं. कोनी उगाच काहून घेईन आपल्या लोकायचं नाव?"

मी वही घेतली. पुढचे दोन-तीन आठवडे सकाळी मी हॉटेलासमोरच्या लिंबाखाली उभी राहून अकोल्याची नावं लिहून काढली. माझ्याकडं बघून हॉटेलवाला हसायचा. मास्तरीणबाईलाही नाद लागला म्हणून लोक खूश झाले. पण मला वेगळाच वास येत होता. नावं दर वेळी त्याच क्रमानं येत होती. गाणं निराळं, वार निराळा, नावांची माळ तीच. मी रोज सकाळी शाळेत चाळीस पोरांची हजेरी घेते. हजेरी कशी वाजते ते माझ्या कानाला पक्कं माहीत आहे. ही माणसं गाणी मागत नव्हती, कुणीतरी त्यांची हजेरी घेत होतं. आणि एक दिवस खरखर कमी होती तेव्हा त्या माळेतलं आधी निसटलेलं एक नाव नीट ऐकू आलं, श्री गोमाजी इंगळे. गोमाजीकाका आमच्याच वस्तीतले, भाऊजींबरोबर जिनात जायचे. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. मी स्वतः त्यांच्या मातीला गेले होते.

हे सांगितलं तर वस्तीतले लोक म्हणाले, एका नावाची दहा माणसं असतात. मी म्हटलं, मग पुंडलिकही दुसरा असेल. तर म्हणाले, छे, तो आपलाच.

याच सुमाराला श्यामराव तिवश्याहून आले. उंच, सावळे, बोलायला अगदी कमी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जित्त्या मान्साच्या बायकोसंगं मी लगन करनार नाई. पन खरं काय थे आधी पाह्यलं पायजे. नुसत्या रेडिओवर मी माघारी जात नाई." मला तो माणूस तिथंच आवडला. रेडिओला "नुसता" म्हणणारा मला भेटलेला तो पहिलाच. बाबांनी माझ्याकडं बघितलं. "तू शिकेल हायेस. अकोल्याले जाऊन येजो. तू जे सांगशीन, थे आमी मानू." ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनीही मान डोलावली.

रविवारी मी निघाले. अमरावतीहून बडनेरा, तिथं गाडी बदलून अकोला. खिडकीतून दोन्हीकडं पांढरं रान, वाकलेल्या बाया, आणि प्रत्येक स्टेशनाच्या चहावाल्याकडं तोच आवाज. स्टेशनावर उतरून मी सरळ रेकॉर्डच्या दुकानात गेले, कारण एवढी नावं एकदम धाडणारा फर्माइशीचा एखादा संघ असणार आणि त्याचा पत्ता तिथं मिळेल, असा माझा तर्क होता. दुकानदार मऊ बोलणारा होता. मागच्या मांडणीवर रेकॉर्डी रचल्या होत्या, आणि ज्या गाण्यानं आदल्या आठवड्यात आमच्या रेडिओवरून सगळ्यांना वेड लावलं होतं, त्याचे गठ्ठे अजून सुतळीनं बांधलेले होते. मी विचारलं, "हा माल कधी आला?" तो म्हणाला, "महिना झाला, बाई." म्हणजे लोकांना वेड लागायच्या आधी वेडाचा माल येऊन पडला होता. काउंटरखाली कोऱ्या पोस्टकार्डांची चळत होती. कशाला, म्हणून विचारलं तर त्यानं हसून बाहेर बोट दाखवलं. "जिनात जा. मनोहररावांना भेटा. आपल्या श्रोता संघाचे तेच सर्वेसर्वा."

मनोहरराव जिनातले हजेरी कारकून निघाले. जिनात हंगामाला रविवार नसतो. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती, यंत्रांच्या आवाजात माणूस माणसाला ऐकू येत नव्हता, हवेत कापसाचे कण असे भरलेले की बोलायला तोंड उघडलं की आत. त्यांनी मला हजेरीच्या खोलीत बसवलं, चहा मागवला, सगळ्यांच्याच कपात. माणूस उमदा होता, हे लिहायलाच हवं. मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "ही नावं तुमच्या संघाची आहेत?"

त्यांनी वाचली आणि मनापासून खूश झाले. "वा, तुम्ही वलगावात बसून उतरवून घेतलीत? स्पष्ट येते ना आवाज?"

"संघात माणसं किती?"

"आम्ही सात जण."

"आणि ही पन्नास नावं?"

त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मागच्या कपाटातून त्यांनी एक जुनी, कोपरे कुरतडलेली हजेरीवही काढली आणि माझ्यापुढं केली. मी पहिलं पान वाचलं. तीच माळ, त्याच क्रमानं. मधोमध गोमाजी इंगळे, चार ओळी खाली पुंडलिक तायडे. "सात नावांच्या कार्डाला तिथं कोण विचारते, बाई?" ते म्हणाले. "बार्शीटाकळीचा संघ चाळीस टाकते. आम्ही जिल्ह्याचं ठिकाण, आम्ही पन्नास टाकले पाहिजेत. मग म्हटलं नवीन नावं कुठं शोधत बसता? ही वही बादच झाली होती. कार्डं रेकॉर्डच्या दुकानाचे शेठजी देतात, नावं मी देतो. कोणाचं नुकसान आहे का? गरीब माणसाचं नाव सातासमुद्रापार जाते, श्री लावून."

मी विचारलं, "हा पुंडलिक तायडे आता कुठं आहे?"

"असतील हो कुठं. सात-आठ वर्षांची वही आहे ही."

परतीच्या गाडीत मी रागानं फुलले होते, आणि खरं सांगायचं तर आनंदानंही. माझा संशय एकूण एक खरा निघाला होता. दुकानदार माल आधी मागवतो, संघ त्याच्या कार्डांवर मेलेल्या आणि हरवलेल्या माणसांकडून गाणी मागतो, निवेदक ते वाचून म्हणतो की अकोला वेडं झालंय, ते ऐकून अकोला वेडं होतं आणि त्याच दुकानात जातं. सगळा फेरा मला दिसला होता. त्या बेटावरच्या माणसाला तरी हे ठाऊक होतं का, देव जाणे. मला वाटतं त्यानं कधी विचारलं नसेल. सात माणसांचे पन्नास झाले की त्याचीही पत वाढत होतीच. मी गाडीत बसून बाबांना सांगायची वाक्यं जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आधी अक्काला सांगावं म्हणून मी रानात गेले. ती एका सरीत एकटीच होती, बाकीच्या बाया पुढं गेल्या होत्या. कमरेची ओटी भरून फुगली होती. मी तिला सगळं सांगितलं, वही, मनोहरराव, कपाट. ती बोंडं ओढत राहिली. हात थांबले नाहीत.

"म्हणजे अक्का, ते नाव खोटं आहे. तुला लग्न करायला काही हरकत नाही."

"मले माईत हाये खोटं हाये म्हून," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"पह्यल्या दिवशीच समजलं मले. तो मानूस सोताच्या आवाजाबिगर दुसरं काही आयकत नोता. तो काय दुसऱ्याच्या गान्यासाठी कार्ड लिहीन?"

"मग तू बोलली का नाहीस?"

तेव्हा तिनं हात थांबवले. "बोलली ना. दोनदा बोलली. मायले म्हटलं, मले नाई करायचं लगन. माय म्हने, सगळ्याच पोरी असंच म्हनतात. बाबाले म्हटलं, तर बाबा रडाले लागले. मंग रेडिओ बोलला. अन् तुमी सगळे आयकलं. एका दिवसात आयकलं." तिनं ओटी सावरली. "श्यामराव चांगला मानूस असन. पोरी बी चांगल्या असतीन. पन नांदत होती तोवर मी दहा-दहा मान्सायले भाकरी थापल्या, कोनाच्या नावानं थापल्या थे मलेच माईत. आता माह्या हातानं वेचतो, माह्या हातानं खातो. मले पुना कोनाच्या घरी जाचं नाई. तू तं सगळ्यायले विचारून आली. पार अकोल्यालोक गेली. मले काहून नाई विचारलं?"

मी बांधावर बसले. मला शरम वाटली, एवढंच सांगते. मी संशयी म्हणून मिरवत होते. सगळ्या जगाच्या पिशव्या उलट्या करून बघत होते, आणि माझ्या शेजारी निजणाऱ्या बहिणीच्या मनात काय आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती. बाईनं नाही म्हटलं, यावर माझाही विश्वास नव्हता.

अक्का पुढं पुष्कळ वर्षं जगली. वेचणीची टोळी घेऊन जाणारी मुकादमीण झाली, बाबांना शेवटपर्यंत तिनंच सांभाळलं, गावात तिचा शब्द चालायला लागला. पण तो चालायला तिचे केस पांढरे व्हावे लागले. पुंडलिकभाऊजींची खरी खबर कधीच आली नाही. मनोहररावांचा संघ पुढं मोडला असं ऐकलं. चोपड्यावाला म्हातारा गेला तेव्हा जलशाची ती जुनी पुस्तकं त्याच्या घरच्यांनी रद्दीत घातली. या सगळ्याचा हिशेब कुणाला विचारायचा ते मला कळत नाही, आणि कुणी दिला तरी मी तो मानेन असं नाही.

पण अकोल्याहून आल्यावर पुढच्या रविवारी दुपारी आमच्या अंगणात जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा होते, ओट्यावरचे म्हातारे होते. श्यामराव आले होते आणि या वेळी मोठ्या मुलीला सोबत आणलं होतं. तिला नवीन परकर शिवलेला होता, तो ती सारखी खाली ओढून नीट करत होती. अक्का आत चुलीपाशी. सगळे माझ्याकडं बघत होते.

"काय समजलं, पोरी?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "आहेत. अकोल्याला आहेत."

बाबांनी डोळे मिटून घेतले. श्यामराव थोडं पुढं सरकले. "तुमी सोता पाह्यलं?"

"हो." आणि मग माझी जीभ थांबली नाही. मी जिनाचं नाव सांगितलं. फाटकावर गाड्यांची रांग होती ते सांगितलं. कानाजवळचे केस पिकलेत, म्हटलं. खोकला आहे, म्हटलं. गाव सांगितलं, जागा सांगितली, की माणसाला पुढचं सगळं दिसायला लागतं, हे मी दोन-तीन आठवडे लिंबाखाली उभी राहून शिकलेच होते. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

श्यामराव उठले. मुलीचा हात धरला. आतल्या दाराकडं बघून त्यांनी हात जोडले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाकी कोनाचं मी आयकलं नसतं. पन तुमी सांगता म्हंजे खरंच असन."

मी मान खाली घातली. त्या अंगणात संशय घेणारं माझ्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.